कागदासकट वजन

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना बहुधा खुनाचे खटले हवे होते. "फौजदारी वकिलीत चाळीस वर्षं काढलीत, चार रंगतदार केसेस लिहा," म्हणाले. खुनाच्या केसेस मी भरपूर लढलो, पण आता त्यातल्या आरोपींची नावंसुद्धा मला धड आठवत नाहीत. जी केस आठवते ती अमली पदार्थांची आहे आणि ती रंगतदार नाही. ती लिहायची तर ज्याची ती आहे त्याची परवानगी हवी होती. ती त्यानं दिली. "नाव तेवढं बदला," म्हणाला. म्हणून त्याला मी नंदू म्हणतो.

मी शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि मी कोल्हापुरात सेशन कोर्टात गांजा-चरसचे आरोपी सोडवत होतो. आमची आव्वा, म्हणजे आई, जिवंत होती तोवर दर सणाला मला विचारायची, "आण्णा, असली माणसं सोडवतोस, तुला पाप लागत न्हाय व्हय?" मी म्हणायचो, "मी कुठं सोडवतोय आव्वा, कोर्ट सोडवतंय." ती म्हणायची, "मग तू पैसे कशाचे घेतोस?" मी ताट पुढं ओढायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, असा आरोपी समोर आला की कोर्ट पहिल्यांदा विचारत असेल, 'कशासाठी आणलंस? स्वतःला की विकायला?' तसं होत नाही. कोर्ट पहिल्यांदा विचारतं, 'किती?' कायद्यात प्रत्येक पदार्थाच्या वजनाच्या दोन रेषा ओढलेल्या आहेत. खालच्या रेषेच्या आत असलात तर जास्तीत जास्त वर्षभर शिक्षा, आणि स्वतःसाठी होतं म्हणालात तर तुमचं म्हणणं निदान कुणीतरी ऐकून घेतं. वरच्या रेषेच्या पलीकडं गेलात तर कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर लाखाच्या पुढं दंड, आणि जामीन जवळपास नाहीच. त्या दहाचं साडेनऊ करायची मुभा न्यायाधीशांना नसते. दोन्ही रेषांच्या मध्ये सापडलात तर मात्र वकिलाचं तोंड आणि न्यायाधीशांचं मन यांना थोडी जागा असते. माल गावात पिकलेला असो की परदेशातून आलेला, काटा एकच.

वरच्या रेषेपलीकडच्या वजनाला कोर्टात 'कमर्शियल' म्हणतात. म्हणजे व्यापारी. तेवढं वजन भरलं की, तुम्ही जन्मात कुणाला चिमूटभर विकलं नसलं तरी, कायद्याच्या लेखी तुम्ही व्यापारी. हे एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

वकिलीच्या सुरवातीच्या वर्षांत माझ्याकडं एक बैरागी आला होता. नृसिंहवाडीच्या वाटेवर पकडलेला. झोळीत दीडशे-एक ग्रॅम गांजा. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" तो म्हणाला, "गांजा कबूल हाय. गुन्हा न्हाय." मी त्याची कफनी ओढली, पण बोलून झालं होतं. साहेब हसले. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. बैरागी मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत सावलीत आरामात बसला आणि जाताना मला आशीर्वाद देऊन गेला. खालच्या रेषेच्या आतला माणूस असा असतो.

दुसरी केस मी वकिलांच्या बाररूममध्ये पुष्कळ वर्षं मिरवली. गगनबावड्याच्या घाटात भर पावसात एक टेम्पो अडवला गेला. ताडपत्री फाटलेली, आत गांजाची पोती. तिथंच वजन झालं, बावीस किलो. गांजाची वरची रेष वीस किलोची. टेम्पोवाला पक्का धंदेवाला होता. पहिल्याच भेटीत त्यानं मला सांगून टाकलं, "वकीलसाब, ही माझी तिसरी खेप. दोन येळा काय झालं न्हाय, म्हणून डेरिंग आलं." मी त्याला म्हटलं, हे परत तोंडातून काढायचं नाही. पुढं मॅजिस्ट्रेटसमोर पोती पुन्हा वजन केली तेव्हा ती अठरा-साडेअठरा किलो भरली. माल वाळला होता. मी युक्तिवादात म्हणालो, "साहेब, फरक आहे तो गगनबावड्याच्या पावसाचा आहे. पावसासाठी माझ्या अशिलाला दहा वर्षं देऊ नका." साहेबांनी संशयाचा फायदा दिला. केस मधल्या पट्ट्यात आली, तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातली बरीचशी आत काढून झालेली होती. बाहेर आल्यावर गडी पेढे घेऊन आला. मी ते खाल्लेही. पावसाचं वजन वजा करणारा वकील म्हणून माझं नाव झालं, आणि त्या नावाच्या भरवशावर काही वर्षांनी सुनीता माझ्या ऑफिसच्या पायऱ्या चढली.

सुनीता म्हणजे नंदूची बायको. एका खासगी दवाखान्यात नर्स. ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच आली होती. नंदू शिवाजी पेठेतला. तरुणपणी पेठेतल्या एका संघाचा गोलकीपर, नंतर दुकानांचे बोर्ड रंगवणारा, ब्रशचा जमाना गेल्यावर कॉम्प्युटरवर फ्लेक्स करून देणारा. वय एकोणचाळीस. त्या दिवशी सकाळी अकराला पोस्टमन त्याच्या दारात परदेशातून आलेलं एक पाकीट घेऊन आला. नंदूनं सही केली, पाकीट हातात घेतलं, आणि पोस्टमनच्या मागं उभ्या असलेल्या दोन साध्या कपड्यांतल्या माणसांनी त्याचं मनगट धरलं. पाकीट मुंबईतच उघडून, बघून, परत बंद करून, ते घेतो कोण हे बघायला सोडलेलं होतं. आत एक शुभेच्छापत्र होतं, आणि शुभेच्छापत्रात एक कागद. त्यावर तिकिटांना असतात तशी भोकं पाडून पंधरा बारके चौकोन केलेले, प्रत्येक चौकोन करंगळीच्या नखाएवढा. त्या कागदात एलएसडी, म्हणजे भास घडवणारं एक नशेचं द्रव्य, जिरवलेलं होतं.

सुनीता खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "साहेब, त्यांनी विकायला आणलं न्हाय. त्यांचं डोकं दुखतं."

या धंद्यात मी पुष्कळ कारणं ऐकली होती. पिशवी दुसऱ्याची होती, पोत्यात काय आहे माहीत नव्हतं, शेजाऱ्यानं डाव साधला. डोकं दुखतं हे पहिल्यांदाच ऐकलं. मी वहीत लिहिलं, 'डोकेदुखी', आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. ती वही माझ्याकडं आहे. ते प्रश्नचिन्ह सुनीतानं टेबलाच्या पलीकडून उलटं वाचलं असणार, कारण तिनं पिशवी उचलली आणि ती पायऱ्या उतरून गेली.

नंदूला मी तुरुंगात भेटलो. जाळीच्या पलीकडं उंचापुरा, गोलकीपरसारख्या लांब हातांचा माणूस. त्यानं मला सगळं नीट सांगितलं. दर वर्षी दिवाळी झाली की दीड-दोन महिने त्याला झटके यायचे. दिवसातून तीन, कधी पाच. उजव्या डोळ्यामागं. डोळा लाल होतो, पाणी वाहतं, एक जागी बसवत नाही. सुरवातीला सगळे अर्धशिशी म्हणाले, मग सायनस, मग दाढ. दोन चांगल्या दाढा काढून झाल्या. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, क्लस्टर हेडेक. औषधं दिली, ती तीन वर्षं लागू पडली, मग पडेनाशी झाली. झटका आल्यावर ऑक्सिजन लावला की थोडं लवकर उतरतं, एवढाच आधार उरला.

"एका झटक्यात मी भिंतीवर डोकं एवढं आपटलं की सात टाके पडले, साहेब," तो म्हणाला. "सुनीतानं डोकं मांडीत धरून ठेवलंतं. मग कॉम्प्युटरवर वाचलं, परदेशात ह्यो आजार असलेली माणसं हे कागद घेत्यात, आन् वर्षाचा सीझनच टळतो म्हणून. खरं का खोटं, मला ठावं न्हाय. पर माणूस करतो की हो काय तरी. पंधरा मागवले. दोन-तीन वर्षं पुरले असते."

"आधी कधी घेतलंस?"

"न्हाय. हे पहिलंच पाकीट. हातात आलं आन् गेलं."

मग तो म्हणाला, "मी जजसाहेबांस्नी हे सगळं खरं सांगणार. डॉक्टरचे कागद हायत माझ्याकडं."

आणि मी त्याला म्हणालो ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "नंदू, खरं सांगितलंस तर दहा वर्षांच्या कागदावर तू स्वतः सही केलीस असं समज."

का म्हणालो ते सांगतो. एलएसडीच्या रेषा फार बारीक आहेत. दोन मिलिग्रॅमच्या आत असेल तर थोडकं. शंभर मिलिग्रॅम झालं की कमर्शियल. नंदूच्या पंधरा चौकोनांतला नुसता पदार्थ काढून मोजला असता तर माझ्या हिशेबानं तो दोन मिलिग्रॅमच्या आतच भरला असता. म्हणजे बैराग्याच्या पंगतीत, फार तर वर्ष. पण पंचनाम्यात वजन झालं होतं ते कागदासकट. गुजरीतल्या एका सोनाराचा बारीक काटा आणून त्यावर सगळा कागद ठेवला होता, आणि तो दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास भरला होता. वरच्या रेषेच्या दुप्पट. किमान दहा. व्यसनी माणसाला, थोडकं सापडलं असेल तर, कायद्यात उपचार घेऊन सुटायची एक वाट आहे. नंदूला तीही नव्हती. तो व्यसनी नव्हता, आजारी होता, आणि वजन थोडकं नव्हतं.

पाकीट माझं, मीच मागवलं, असं तो म्हणाला असता तर सरकारी वकिलांना सिद्ध करायला काही उरलंच नसतं. उलट पाकीट न उघडताच त्याला धरलेलं. कुणीतरी खोडसाळपणे पाठवलं, आत काय होतं माहीत नव्हतं, असा बचाव घेतला तर साफ सुटायची संधी होती. चाळीसपैकी तीस वर्षं मी हेच केलं होतं, आणि ते चाललं होतं. मी त्याला म्हटलं, "तू फक्त म्हणायचं, मला माहीत नाही. बाकी माझ्यावर सोड."

त्यानं जाळीला बोटं अडकवली. मग म्हणाला, "बरं. तुमास्नी कळतं त्यातलं."

जामीन फेटाळला गेला, वरपर्यंत. दिवाळी झाली आणि तुरुंगात झटके सुरू झाले. बराकीतल्या लोकांना वाटलं नशा मिळत नाही म्हणून गडी तडफडतोय. तिथल्या कर्मचाऱ्यांनाही तेच वाटलं. सुनीतानं मला सांगितल्यावर मी ऑक्सिजनसाठी अर्ज टाकला, सोबत पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र. सरकारी वकिलांनी वेळ मागितला, वैद्यकीय अहवाल मागवला गेला, अहवालावर म्हणणं मागवलं गेलं. आदेश झाला, सिलिंडर पोचला, तोवर त्या वर्षीचा सीझन संपला होता. अर्जात मी डोकेदुखी आजाराची म्हणून लिहिली होती, पण पाकिटाशी तिचा संबंध येईल असा एक शब्दही त्यात पडू दिला नव्हता. त्या मसुद्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

मध्ये करोनाची दोन वर्षं गेली. खटला उभा राहिला तेव्हा नंदू साडेतीन वर्षं आत होता.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली उलटतपासणी मी त्या खटल्यात घेतली. साक्षीदार होता गुजरीतला तो सोनार. साठीचा, टोपी घातलेला, कोर्टाला सरावलेला नव्हता.

मी विचारलं, "तुमच्याकडं खड्याची अंगठी मोडीत घालायला आणली तर सोन्याचं वजन कसं धरता?"

"खडा काढून."

"आणि खडा निघत नसेल तर?"

"मग अंदाजानं खड्याचं वजन वजा करतो."

"खड्यासकट सोन्याचा भाव लावत नाही?"

"आवं साहेब, तसं केलं तर लोक लुटारू म्हणतील की मला!"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश मॅडमसुद्धा हसल्या. मग त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "वकीलसाहेब, मुद्दा कळला. पण मी सोनार नाही." त्यांच्यापुढं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता, आमचा खटला रेंगाळला त्या काळातच आलेला. पदार्थात जे काही मिसळलेलं असेल त्याच्यासकट वजन धरायचं. पाठोपाठ कागदाबद्दलही आपल्या हायकोर्टानं तेच सांगितलं. धंदेवाल्याच्या पोत्यातला पाऊस मी वजा करवून घेतला होता. आजारी माणसाच्या हातातला कागद मला वजा करता आला नाही.

त्यानंतर पोस्टातला कारकून साक्षीला आला. साधा, सरळ माणूस. म्हणाला, "हे गृहस्थ पाकीट येण्याआधी दोन वेळा खिडकीवर येऊन गेले. परदेशाहून माझं काही आलंय का, म्हणून विचारत होते." दिवाळी जवळ येत चालली होती, म्हणून नंदू विचारायला गेला होता. मला ते माहीत नव्हतं. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. मी मागं वळून बघितलं तर तो मान खाली घालून बसला होता. 'माहीत नाही' हा आमचा बचाव तिथं संपला.

तरी मी तोच पुढं रेटला. पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा विचारतात, तुमचं काय म्हणणं आहे म्हणून. मी नंदूला शिकवून ठेवलं होतं. चाळीसेक प्रश्न झाले. "खोटं आहे." "माहीत नाही." "खोटं आहे." मॅडमनी विचारलं, "तुम्ही दोन वेळा पोस्टात चौकशीला गेला होता, याबद्दल काय सांगायचंय?" तो थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान किंचित हलवली. तो म्हणाला, "माहीत न्हाय." खरं सांगायची ती त्याची वेळ होती आणि मी ती त्याला मिळू दिली नाही.

दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल ऐकून घ्यायचा एक वेगळा टप्पा असतो. आता गमावण्यासारखं काही नव्हतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आरोपीनं हे स्वतःच्या वापरासाठी, एका आजारावर उपाय म्हणून मागवलं होतं, विक्रीचा हेतू नव्हता. सरकारी वकील लगेच उठले. "मॅडम, कालपर्यंत पाकीट त्यांचं नव्हतं. आज त्यांच्या वापरासाठी झालं?" कोर्टात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मॅडमनी नंदूलाच विचारलं. तो बोलू लागला. कसा दुखतो डोळा, कसं भिंतीकडं जावं लागतं, दाढा कशा काढल्या, सुनीतानं डोकं कसं धरलं. दहा मिनिटं बोलला. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे इतक्या वर्षांत आधी का सांगितलं नाही?"

मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "चुकलं माझं, मॅडम."

तेव्हा मी पुढं होऊन म्हणायला पाहिजे होतं, 'मॅडम, चूक त्याची नाही, सल्ला माझा होता.' वकिलानं असं म्हणायचं नसतं, अशिलाशी झालेलं बोलणं कोर्टात काढायचं नसतं, ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली. खरं म्हणजे बारमधले सगळे वकील तिथं बसले होते. ज्युनियर होते. मला लाज वाटली.

निकालपत्रात त्या दहा मिनिटांचं एक वाक्य झालं. 'आरोपीने दया दाखवण्याची विनंती केली.' शिक्षा दहा वर्षं. मॅडमनी ती वाचली आणि फाईल मिटताना, लेखनिकाला सांगायचं थांबवून, हळू म्हणाल्या, "याहून कमी मला देता येत नाही." कोणाला म्हणाल्या कळलं नाही. सुनीता मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याजवळून गेली, थांबली नाही.

अपील मुंबईला पडून राहिलं. पुढं हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात आलं आणि सुनावणी इथंच झाली. तोवर मी वकिली आवरती घेतली होती. एका तरुण वकिलानं केस चालवली. तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत मी सवयीनं एक प्रश्न विचारून ठेवला होता, जप्त पाकिटाच्या लाखेवर मारायचा शिक्का कोणाच्या ताब्यात होता म्हणून. त्याचं उत्तर आणि प्रयोगशाळेत पोचलेल्या पाकिटावरचा ठसा यांचा मेळ बसत नव्हता, म्हणजे मध्ये पाकिटाला कुणी हात लावला नाही याची खात्री उरत नव्हती. त्या एका मुद्द्यावर नंदू निर्दोष सुटला. तोवर तुरुंगातली सात वर्षं भरायला दोनच महिने कमी होते. बाररूममध्ये लोकांनी माझं अभिनंदन केलं. तुमच्या प्रश्नानं वाचवलं म्हणाले. ते खरं होतं, म्हणून मला जास्त टोचलं.

सुटल्यावर दोनेक महिन्यांनी नंदू माझ्या घरी आला. केस पांढरे, हात तसेच लांब. हातात निकालाची नक्कल. ती त्यानं दोनदा वाचली होती, पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

"सत्तर पानं हायत, साहेब. पाकीट हाय. लाख हाय, लाखेचा रंगबी हाय. सोनाराचा काटा हाय, पोस्टातला माणूस हाय." त्यानं कागद माझ्या टेबलावर ठेवले. "माझं डोकं कुठंच न्हाय की ह्यात."

मी म्हटलं, "नंदू, माझं चुकलं." सात वर्षं उशिरा म्हटलं.

तो म्हणाला, "खरं सांगून तर सुटलो असतो का?"

"नाही. बहुतेक नाही. वजन तेवढंच भरलं असतं."

"मग?"

"तरी तुला सांगू द्यायला पाहिजे होतं."

त्यानं मान हलवली. व्हय म्हणाला की न्हाय, ते मला कळलं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीला पाडवा-भाऊबीज उरकली आणि आठवड्याभरात दुपारी तीनच्या सुमाराला सुनीताचा फोन आला. इतक्या वर्षांत तिनं मला आपणहून केलेला तो पहिला फोन. "साहेब, घरात हाईसा? तर आत्ता या. रिक्षानं या."

मी गेलो. पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, आतल्या खोलीचं दार उघडं. नंदू जमिनीवर गुडघ्यांवर होता आणि पुढं-मागं झुलत होता. उजवा डोळा अर्धा मिटलेला, लाल, त्यातून पाणी हनुवटीपर्यंत आलेलं. तोंडातून आवाज येत होता तो रडण्याचा नव्हता, ओरडण्याचाही नव्हता. वजनदार काहीतरी उचलताना माणूस करतो तसला आवाज, पण थांबत नव्हता. सुनीतानं एका हातानं त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क दाबला होता, दुसऱ्या हातानं मानेमागून डोकं धरलं होतं. तो मध्येच उठून भिंतीकडं जायला बघायचा, ती त्याला अंगानं अडवायची. भिंतीला उशी बांधलेली होती.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. चाळीस वर्षं मी माणसांची दुखणी कागदावरून वाचली होती आणि त्यात फटी शोधल्या होत्या. हे समोर बघून मला काय करावं ते कळेना. मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. वीस मिनिटं गेली, पंचवीस. मग त्याचं झुलणं मंदावलं, खांदे खाली आले, आणि तो तिच्या मांडीवर आडवा झाला.

सुनीतानं मास्क काढला, पदरानं त्याचा डोळा पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"बघितलंसा?"

"हो."

"एवढंच दाखवायचं हुतं कोर्टाला," ती म्हणाली. "बाकी आम्हाला काय सांगायचं नव्हतं."

नंदूनं डोळे मिटलेलेच ठेवून हात हलवला. आवाज अगदी बारीक झाला होता. "अगं, ते उभेच हायत. बसा म्हण की त्यास्नी."

ती त्याचा डोळा पुन्हा पुसायला लागली. मी चपला काढल्या आणि आत जाऊन त्या दोघांच्या शेजारी फरशीवर बसलो.